गाणे केव्हा बांधलेस?

३ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आकाशवाणीवरून एक छोटेसे भाषण झाले. विषय होता त्यांचे जीवनविषयक तत्त्वज्ञान. आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत सामावते, आणि हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतले आहेत, असा त्या भाषणाचा आशय होता. पुढे १९५७ साली 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. ग्रंथ लिहीत असलेला माणूस त्याच काळात रेडिओवर, ज्याला शाळा माहीत नाही अशाच्याही कानावर पडेल अशा ठिकाणी, काही मिनिटे तत्त्वज्ञान बोलतो, ही घटना आपण जितक्या गांभीर्याने घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही.

पण त्या काळी आपल्या किती वस्त्यांत रेडिओ होता? ज्यांच्यापर्यंत ना रेडिओ पोचला ना ग्रंथ, त्यांच्यापर्यंत हे तीन शब्द पोचले ते जलशातून, शाहिरीतून आणि पुढे गायनपार्टीतून. आपली समीक्षा मात्र या दोन गोष्टी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवते. भाषण आणि ग्रंथ म्हणजे 'विचार', जलसा आणि गाणे म्हणजे 'प्रचार'. ही विभागणी चुकीची आहे, आणि जी परंपरा आपण आपली म्हणून सांगतो तिच्याशी ती विसंगत आहे, असे मला या लेखात मांडावयाचे आहे.

(१)

माझे वडील चौथी शिकलेले. गायनपार्टीत पेटी डोक्यावरून वाहून न्यायची आणि कोरस धरायचा, एवढेच त्यांचे काम. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जात असे. गाणे संपले की मुख्य गायक लगेच दुसरे गाणे धरीत नसे. पेटीचा सूर चालू ठेवून तो बोलू लागे. पुढे बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारी, "सांग आजे, सासू मेली तेव्हा रडलीस ते दुःख, का पोराला शाळेतून काढून गुरांमागं धाडलं ते दुःख?" मंडपात हशा होई. मग हळूहळू हशा थांबे. म्हातारी काहीतरी उत्तर देई, मागून कोणी वेगळे उत्तर देई, आणि त्या उत्तरांना धरून तो सांगू लागे की दुःख दोन प्रकारचे असते. एक निसर्गाने दिलेले आणि एक माणसाने माणसाला दिलेले. दुसऱ्याचे कारण शोधता येते आणि कारण शोधले की ते दूर करता येते. एवढे झाले की पुढचे गाणे सुरू होई. माझ्या आईने बुद्ध वाचलेला नाही. तिने तो असा ऐकला. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द तिला उच्चारता येणार नाही, पण 'हे आहे म्हणून ते आहे' हे ती घरातल्या भांडणाचा निवाडा करतानाही सांगते.

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी या गाण्यांवर निबंध वाचला. समारोप करताना अध्यक्ष म्हणाले की गाण्यांचे ऐतिहासिक महत्त्व कोणी नाकारीत नाही, परंतु ती प्रचाराची साधने आहेत. विचार पाहावयाचा तर ग्रंथाकडे जावे आणि कला पाहावयाची तर कवितेकडे जावे. अध्यक्ष आपल्यातलेच होते, वयाने आणि कामाने मोठे होते. मी गप्प बसलो. तो संकोच नव्हता, भित्रेपणा होता. परत येताना एसटीत मला वडिलांच्या डोक्यावरची पेटी आठवत राहिली. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे.

(२)

उत्तर मला सापडले ते अनपेक्षित ठिकाणी. दीघनिकायातील एकविसावे सुत्त 'सक्कपञ्ह सुत्त' म्हणून ओळखले जाते. शक्राचे, म्हणजे इंद्राचे, प्रश्न असा त्याचा अर्थ. कथा अशी आहे. राजगृहाच्या पूर्वेस अंबसंडा नावाचे ब्राह्मणांचे गाव. त्याच्या उत्तरेस वेदियक पर्वतावर इंद्रशाल गुहेत बुद्ध बसलेला आहे. इंद्राला त्याला भेटायचे आहे, परंतु धैर्य होत नाही. यापूर्वी एकदा तो श्रावस्तीला गेला होता. बुद्ध ध्यानात होता, आणि देवांच्या राजाला भेट न होताच परतावे लागले होते. म्हणून या वेळी तो पंचशिख नावाच्या गंधर्वाला पुढे पाठवतो. गंधर्व म्हणजे गाणारा, देवांच्या दरबारातला सेवक. राजाला जे दार उघडत नाही ते गाणाऱ्याला उघडेल, असा हा हिशेब आहे.

पंचशिख बेलाच्या लाकडाची पिवळसर वीणा घेऊन जातो. फार जवळ नाही, फार दूर नाही, अशा अंतरावर उभा राहतो आणि गाऊ लागतो. गातो काय? प्रेमगीत. आपल्या प्रेयसीला उद्देशून बांधलेले. त्यात तहानलेल्याला पाणी, रोग्याला औषध अशा उपमा आहेत आणि त्यांच्याच जोडीला अर्हताला धम्म जसा प्रिय तशी तू मला, असेही आहे. देहाची ओढ आणि धम्म दोन्ही एकाच गाण्यात आहेत.

आता बुद्धाने काय करावे? आपल्याकडील एखादा प्रबोधनकार असता तर त्याने हे गाणे बंद करावयास लावले असते. बुद्ध आधी गाण्याच्या घडणीविषयी बोलतो. तुझ्या तारांचा नाद गाण्याशी जुळतो आणि गाणे तारांशी जुळते, एक दुसऱ्यावर चढत नाही, असे तो म्हणतो. आणि मग विचारतो: पंचशिखा, ही गाणी तू केव्हा बांधलीस?

हा प्रश्न मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो. धम्माचा संस्थापक एका गाणाऱ्याला रचनेबद्दल विचारतो आणि त्याचे उत्तर मध्ये न तोडता ऐकून घेतो. उत्तरही मोठे मनोरंजक आहे. पंचशिख सांगतो की आपण नुकतेच संबुद्ध होऊन उरुवेलेस नेरंजरा नदीकाठी अजपाल वडाखाली राहात होता, त्या वेळची ही गोष्ट. तिंबरू गंधर्वाच्या मुलीवर, सूर्यवर्चसेवर, माझे प्रेम होते. तिचे मात्र मातलीच्या मुलावर. कोणत्याच उपायाने जमेना, तेव्हा वीणा घेऊन तिच्या बापाच्या घरी गेलो आणि हे गायलो. गाणे ऐकून ती म्हणाली, त्या भगवंताला मी पाहिलेले नाही, पण देवांच्या सभेत नाचायला गेले असता त्याच्याविषयी ऐकले आहे. तू त्याची थोरवी गातोस, तेव्हा आज आपली भेट होऊ दे.

एवढे बोलणे झाल्यावर इंद्र आत येतो आणि सुत्ताचा दुसरा भाग सुरू होतो. तो तत्त्वज्ञानाचा आहे. इंद्राचा प्रश्न साधा आहे, चावडीवर कोणीही विचारावा असा. सगळ्यांनाच वाटते की वैर नसावे, भांडण नसावे. तरीही सगळे वैरातच का जगतात? बुद्ध सांगतो, मत्सर आणि कृपणता यांमुळे. ती कशामुळे? प्रिय-अप्रिय या भेदामुळे. तो भेद कशामुळे? इच्छेमुळे. इच्छा कशामुळे? विचारांच्या घोळण्यामुळे. ते कशामुळे? कल्पनांच्या पसाऱ्यामुळे, ज्याला पालीत 'पपञ्च' म्हटले आहे. एकेक पायरी विचारीत विचारीत प्रश्न मुळाशी जातो. व्याख्यान कुठेच नाही. विचारणारा विचारतो, सांगणारा तेवढ्याचेच उत्तर देतो.

आणि शेवटी इंद्र एक गंमत सांगतो. हेच प्रश्न मी पूर्वी दुसऱ्या श्रमण-ब्राह्मणांना विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाहीच, उलट मलाच विचारले, तू कोण? मी देवांचा राजा आहे हे कळताच ते माझेच शिष्य झाले. 'आधी तू कोण ते सांग' हा प्रश्न आपल्या लोकांनी पाणवठ्यापासून विद्यापीठापर्यंत ऐकलेला आहे. प्रश्नाचे उत्तर देण्याआधी प्रश्नकर्त्याची पायरी पाहणाऱ्यांची ही थट्टा बौद्ध वाङ्मयाने दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवली आहे.

(३)

हे सुत्त मी दोन कारणांसाठी विस्ताराने सांगितले. पहिले कारण असे की, गाण्याविषयीचे बोलणे आणि जीवनाविषयीचे बोलणे यांना येथे एकाच बैठकीत जागा मिळाली आहे. गाणे ही प्रस्तावना नाही, गर्दी जमविण्याची युक्ती तर नाहीच. गाण्यावर चर्चा झाली आहे. दुसरे कारण असे की, गाण्याला लावलेली कसोटी येथे सापडते: तार गाण्यावर चढू नये, गाणे तारेवर चढू नये. जलशाच्या भाषेत बोलायचे तर विचाराने गाण्याचा गळा दाबू नये आणि गाण्याने विचाराला बुडवू नये.

हा एकमेव दाखला नव्हे. संयुत्तनिकायात वंगीस या कविभिक्खूची सुत्ते आहेत. तो बुद्धासमोर गाथा म्हणतो. बुद्ध विचारतो, या गाथा तू आधीच मनात जुळवून आणल्या होत्यास की येथे जागच्या जागी सुचल्या? वंगीस म्हणतो, जागच्या जागी सुचल्या. मग आणखी सुचू देत, असे बुद्ध म्हणतो. निर्मितिप्रक्रिया या भारदस्त नावाखाली आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत ज्या चर्चा होतात, त्यांतील मुख्य प्रश्न हाच नाही काय?

आता आपल्याकडे पाहू. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात आपला आशय ओतला. आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग पुढे नेला. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, आणि १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात त्याची हकीगत स्वतःच लिहून ठेवली. डॉ. कृष्णा किरवले यांनी १९९२ साली 'आंबेडकरी शाहिरी : एक शोध' हा ग्रंथ दिला. ही कामे झाली नसती तर माझ्यासारख्याच्या हाती काहीच लागले नसते. तरीही सर्वसाधारण समीक्षा कुठे थांबते? जलशाचा विषय निघाला की बाबासाहेबांच्या नावे सांगितले जाणारे, जलशाची आपल्या सभांशी तुलना करणारे गौरवोद्गार उद्धृत होतात आणि विषय संपतो. गौरव झाला, अभ्यास राहिला. जलशातले संवाद कसे रचले होते, रूढीचा पक्ष घेणाऱ्या पात्राला किती बळकट युक्तिवाद दिले होते, श्रोत्याने मध्येच प्रश्न केला तर काय होत असे, याची चौकशी कोणी करीत नाही.

वामनदादा कर्डकांचेही तेच. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेला, मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झालेला हा माणूस २००४ साली गेला, तोवर त्याची हजारो गाणी महाराष्ट्रभर गायली जात होती. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह छापून आले, पण बहुसंख्य गाणी कंठातच राहिली. वामनदादांविषयी लिहिणारे त्यांच्या निष्ठेविषयी लिहितात, फकिरीविषयी लिहितात. ते सारे खरे आहे. परंतु अंतऱ्यातील तीन ओळींत युक्तिवाद कसा चढत जातो आणि ध्रुपदाशी परत येताना तेच शब्द निष्कर्ष कसे होतात, याविषयी कोणी लिहीत नाही. मुक्तछंदात लिहिणाऱ्या आपल्या कवीची मुलाखत घेताना आपण विचारतो: ही कविता तुम्हाला कशी सुचली? शाहिराला आपण विचारतो: तुम्ही बाबासाहेबांना पाहिले होते का? एकाला निर्माता मानायचे आणि दुसऱ्याला साक्षीदार, हा भेद आपणच निर्माण केलेला आहे.

चालीचा आक्षेप हमखास येतो. गायनपार्टीची गाणी सिनेमाच्या चालीवर असतात, म्हणून ती उसनी, म्हणून कमअस्सल. येथे पंचशिखाकडे पुन्हा पाहावे. प्रेयसीसाठी बांधलेले गाणे तो बुद्धाच्या गुहेसमोर गातो. एका प्रसंगासाठी बांधलेली वस्तू दुसऱ्या प्रसंगी कामाला येते. चाल ही श्रोत्याला आधीपासून ठाऊक असलेली वाट असते. अक्षर न येणारा माणूस नवा विचार लक्षात ठेवणार कशाच्या आधाराने? ठाऊक चालीच्या खुंटीवर तो टांगतो. शिवाय जुन्या चालीत नवा शब्द बसविताना मात्रा पुरत नाहीत, खटका पडतो, आणि त्या खटक्यातूनच पुष्कळदा नेमका शब्द सापडतो, हे कोणताही गाणे बांधणारा सांगेल. फक्त त्याला विचारले पाहिजे.

(४)

माझ्या विवेचनावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, देव, इंद्र, गंधर्व यांच्या कथा आपण कशाला उगाळायच्या? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मी ही कथा घडली असे म्हणत नाही. बुद्धाच्या नावे सांगितलेले जे बुद्धीला पटते तेच बुद्धवचन म्हणून घ्यावे, ही बाबासाहेबांची कसोटी मला मान्य आहे. मी एवढेच पाहतो की ज्यांनी ही कथा रचली त्यांनी यज्ञात आहुती घेणाऱ्या इंद्राला प्रश्न विचारणारा विद्यार्थी केले, आणि त्याच्याआधी आत जाण्याचा मान सेवकाला, गाणाऱ्याला दिला. ही रचनाच विद्रोही आहे.

दुसरा आक्षेप माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने घेतला आणि मला तो अधिक जड वाटतो. सुत्ताच्या शेवटी इंद्र पंचशिखावर खूश होऊन त्याला गंधर्वांचा राजा करतो आणि सूर्यवर्चसा त्याला देऊन टाकतो. ती म्हणाली, "सर, बक्षीस म्हणून? तिला कोणी विचारलं?" कोणी विचारले नाही. याचे समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही. मी तिला एवढेच दाखविले की याच सुत्तात आधी सूर्यवर्चसेने गाणे ऐकून स्वतःचे मत दिले आहे, आणि ते गाण्यातील विचार ओळखून दिले आहे. जाणकार श्रोती म्हणून जी एकदा बोलली तिलाच शेवटी वस्तूसारखे देऊन टाकले. विद्यार्थिनी म्हणाली, "आपल्या जलशांतही बायका समोर बसून ऐकत होत्या ना? त्यांचं कुणी लिहून ठेवलंय?" मला माझी आई आठवली. मी उत्तर दिले नाही.

तिसरा आक्षेप परंपरेच्या आतूनच आहे. अंगुत्तरनिकायात लांबविलेल्या गायनी सुरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत. म्हणणारा स्वतः आवाजावर लुब्ध होतो, ऐकणारे लुब्ध होतात, आम्ही गातो तसेच हे श्रमणही गातात असे गृहस्थ कुरकुरतात, सुराच्या नादी लागून एकाग्रता मोडते, आणि मागून येणारे त्याचेच अनुकरण करतात. उपोसथाच्या आठ शिलांतही नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहण्याचे शील आहे. पाच दोष सांगितले आहेत ते भिक्खूंच्या पठणाबद्दल, आणि आठ शिले आहेत त्या दिवसापुरती. गृहस्थाच्या गाण्यावर त्यांत बंदी नाही, हे खरे. परंतु सांगितलेला धोका खराच आहे. वीणेची तार गाण्यावर चढू नये ही कसोटी आणि हे पाच दोष एकाच काळजीतून आलेले आहेत.

(५)

हा धोका आज आपल्या डोळ्यांसमोर आहे. चौदा एप्रिलला मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. छातीत ठोका बसेल इतका आवाज असतो, शब्द ऐकू येत नाहीत. तार गाण्यावर चढली आहे. त्याला उत्तर म्हणून आपल्यातील जाणती मंडळी म्हणतात, गाणी बंद करा, व्याख्यानमाला घ्या. मग सभागृहात दीड तास व्याख्यान होते, समोर वीस माणसे असतात, त्यांतली बारा आयोजक. बाई एकही नसते. अध्यक्षीय समारोपात समाज वाचत नाही अशी खंत व्यक्त होते. मिरवणुकीत शब्द नाही आणि व्याख्यानात श्रोता नाही, अशी ही फाळणी आहे. मधली जी जागा होती, पेटीचा सूर चालू ठेवून म्हातारीला प्रश्न विचारण्याची, ती आपण मोडली आणि मोडल्याची खंतही केली नाही.

ही गरज संपलेली आहे असेही नाही. माझा एक विद्यार्थी कंपनीत रात्रपाळी करतो आणि येता-जाता कानात यंत्र घालून कार्यक्रम ऐकतो. त्याने मला सांगितले की बीबीसीवर १९९८ साली सुरू झालेला 'इन अवर टाइम' हा कार्यक्रम आहे, त्यात विषयाचे जाणकार जमून एखाद्या तत्त्ववेत्त्यावर वा कल्पनेवर सामान्य श्रोत्यासाठी बोलतात. अमेरिकेत २०१४ साली सुरू झालेल्या 'साँग एक्सप्लोडर'मध्ये गाणे करणारे आपले गाणे कसे घडले हे एकेक धागा सुटा करून सांगतात. मी दोन्ही ऐकले. चांगले आहेत. परंतु तिथे तत्त्वचर्चा एका कार्यक्रमात आहे आणि गाण्याची चर्चा दुसऱ्या. ऐकणारा एकटा आहे, त्याला मध्ये बोलता येत नाही. आपल्या मंडपात हे दोन्ही एकत्र होते आणि म्हातारी उलट उत्तर देत होती. जे आपल्यापाशी होते त्याचा आपल्याला संकोच वाटला, आणि तेच निम्मे-निम्मे होऊन बाहेरून आले की आपण त्याला आधुनिक म्हणतो.

करता येण्याजोगे काम फार मोठे नाही. आपापल्या भागात गाणी बांधणारे, कोरस धरणारे, ढोलकी वाजविणारे जे वृद्ध उरले आहेत त्यांच्याकडे विद्यार्थ्यांनी जावे. गाणे तर उतरून घ्यावेच, पण दोन गाण्यांच्या मधले बोलणेही उतरून घ्यावे, कारण तत्त्वज्ञान पुष्कळदा तिथे आहे. ऐकणाऱ्या बायकांना विचारावे की तुम्हाला काय समजले, काय पटले नाही. शिक्षकांनी ही सामग्री मराठीच्या तासाबरोबर तत्त्वज्ञानाच्या तासालाही न्यावी. जयंतीच्या समितीने एक रात्र अशी ठेवावी की जिथे एक गाणे होईल, मग त्यावर बोलणे होईल, मग दुसरे गाणे होईल.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी वडिलांजवळ बसलो. आता त्यांना दम लागतो, गाता येत नाही. मी विचारले, "आण्णा, तुम्ही कधी स्वतः गाणं बांधलं होतं का?" ते बराच वेळ माझ्याकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "बांधली होती तीन. कुणी विचारलंच नाही कधी." दोन त्यांना पूर्ण आठवली. तिसऱ्याचे फक्त ध्रुपद आठवले.